येवल्याची पैठणी आणि त्या दिवशीचे बाकी सगळे

नाशिक,
१८ नोव्हेंबर

प्रिय मीनाक्षी,
सप्रेम नमस्कार.

सईच्या लग्नासाठी तू सांगितलेली पैठणी परवा येवल्याहून आणली. एवढी बातमी तुला फोनवर दिलीच आहे. पण ती कशी निवडली आणि त्या दिवशी आणखी काय पाहिले, हे फोनवर घाईघाईने सांगावेसे वाटले नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे.

शालिनी, वृंदा आणि मी अशा तिघी सकाळी साडेसहाला निघालो. निफाडच्या पुढे छाटणी झालेल्या द्राक्षबागांना कोवळी पालवी फुटली होती. विंचूरला चहा घेतला आणि नऊच्या आत येवला गाठले. या खेपेस दुकानांकडे वळण्याआधी मुक्तिभूमीवर जायचे, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. तू आणि मी येवल्याला किती वेळा गेलो असू, आठवून पाहा. प्रत्येक वेळी पिशव्या भरून परतलो, आणि ज्या गावात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘हिंदू म्हणून जन्मलो, तरी हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली, त्या गावात ती जागा विचारायचे आपल्याला एकदाही सुचले नाही. याची खंत मला गेली काही वर्षे वाटत होती.

तिथे आता विहार आहे, बाबासाहेबांचा पुतळा आहे. सकाळची वेळ असल्याने फारशी वर्दळ नव्हती. एक आजोबा आपल्या नातवाला, ती घोषणा जिथे झाली त्या १९३५ च्या परिषदेविषयी सांगत होते; मुलगा मन लावून ऐकत होता आणि आम्हीही थोड्या अंतरावर उभ्या राहून ऐकले. मी नाशिककर, काळाराम मंदिरावरून माझे रोजचे येणे-जाणे. त्या दारापुढे २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला सत्याग्रह पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही, आणि अखेर याच येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी मंदिरप्रवेशाची चळवळ थांबवून वेगळी वाट धरण्यास सांगितले. नागपूरची दीक्षा त्यानंतर २१ वर्षांनी, १९५६ मध्ये झाली. हे सगळे मी पुस्तकात वाचलेले होते, पण माझ्या घराजवळचे ते दार आणि हे मैदान यांच्यामध्ये जेमतेम ८५ किलोमीटरचा रस्ता आहे, हे तिथे उभे राहिल्यावर प्रथमच मनात नीट उतरले. वृंदा बराच वेळ काही बोलली नाही.

तात्या टोपेही येवल्याचेच. जन्म १८१४ चा, आणि घराण्याचे नावच येवलेकर. पेशवाई बुडाल्यावर वडील दुसऱ्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्ताला, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेले, त्यामुळे गाव लहानपणीच सुटले. १८५९ च्या एप्रिलमध्ये शिवपुरीला त्यांना फाशी झाली. शालिनीने मुलांना इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवले असल्याने गाडीत तिने हा सगळा प्रवास आम्हाला गावांच्या नावांसकट ऐकवला.

आता साडीकडे येते. तुझ्या आईंसाठी आपण दोघींनी घेतलेली जांभळी पैठणी तुला आठवत असेलच. हातमागाची म्हणून दुप्पट पैसे मोजले आणि घरी आल्यावर पदर उलटा केला, तर मागे कापलेल्या धाग्यांची नुसती लव! रेशीम शुद्ध असल्याची खूण साडीवर होती आणि रेशीम खरेही होते. पण ती खूण रेशमाची असते, हातमागाची नव्हे, हे आपल्याला कुणी सांगितले नव्हते. म्हणून या वेळी आधी माग पाहायचा आणि मगच साडी, असे मी ठरवले होते.

ओळखीतून एका विणकराच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून काका बसलेले, आणि समोर पदराची वीतभर नक्षी तयार. मी जवळ बसून पाहिले. मोराच्या मानेचा निळा, पिसाऱ्याचा हिरवा, चोचीचा लाल, अशी प्रत्येक रंगाची वेगळी बारीक कांडी होती. काका ताण्याचे धागे बोटाने मोजून उचलत, त्यांतून कांडी ओवत, आणि जिथे निळ्याची हद्द संपून जरीचा धागा सुरू होई, तिथे दोन धागे एकमेकांत अडकवत. मग फणीचा ठोका. एका ठोक्याने नक्षी केसभर पुढे सरके. धागे असे अडकवलेले असल्यामुळे मागे लोंबणारे काही उरतच नाही, आणि पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. काकू म्हणाल्या, “ताई, उजेड गेला की रंग फसवतात, म्हणून पदर आम्ही दिवसाच विणतो.” रेशमाची लड उकलायला त्यांच्याकडे बांबूची आसारी होती; संक्रांतीला येवल्यात पोरे जिच्यावर पतंगाचा दोरा गुंडाळतात, तीही आसारीच.

तुझी साडी त्यांच्याच घरातली आहे. ताणा निळा आणि बाणा हिरवा, त्यामुळे अंग हलले की मोरपंखी रंग पालटतो. काठ नारळी, पदरावर बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलात विणलेले मोर. दोघांनी मिळून दीड महिना विणली. किंमत २८,००० रुपये. मी घासाघीस केली नाही, आणि तू ते मान्य करशील अशी माझी खात्री आहे. दीड महिन्याचा हिशेब मी मनात करून पाहिला, रेशीम आणि जर वजा केली, आणि कमी करा म्हणायला माझी जीभ रेटेना. वृंदाला लाल हवी होती. ती तयार नव्हती, म्हणून तिने आगाऊ रक्कम देऊन फेब्रुवारीची वेळ घेतली आहे.

साडी मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. घडी मी महिन्याने बदलेन, नाहीतर जर घडीवर तुटते. ब्लाउजचे कापड साडीतच विणलेले आहे. ते सईचे माप आल्याशिवाय कापणार नाही, तेव्हा माप लवकर कळव. आणि साडी हातात पडली की आधी पदर उलटा करून पाहा.

भावजींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझी,
सुनंदा