फसलेले फोटो टाकून देऊ नकोस

॥ श्री ॥

खानापूर

चि. अनघा हिस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "दांडेलीचे सगळे फोटो वाया गेले बाबा, जागेवरच डिलीट करून टाकले." तुझा आवाज उतरला होता. धनेश पक्षी हुकला याचं मला काही वाटलं नाही, तो परत दिसेल. पण फोटो पुसून टाकलेस हे मनाला लागलं. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी कामाचं. त्या कार्डावर आता एकही नवीन फोटो काढू नकोस आणि ते फॉरमॅटही करू नकोस. डिलीट केलं म्हणून फोटो लगेच जात नाही; ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. तिथे नवीन फोटो बसला की मग मात्र जुना कायमचा गेला. कार्ड कॅमेऱ्यातून काढून डबीत घाल आणि येताना आण. दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून काढू दोघं. बरेचसे मिळतील असं मला वाटतंय.

मी बेळगावात ज्या स्टुडिओत काम शिकलो, तिथल्या मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. फसलेला एकही प्रिंट ते कुणाला फाडू देत नसत. तेव्हा रोल 36 फोटोंचा. प्रत्येक बटण दाबायचे पैसे पडायचे, आणि काय आलंय ते कळायला रोल धुऊन वाळेपर्यंत थांबावं लागायचं. चुकलेले प्रिंट बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जमा व्हायचे. रविवारी दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की अण्णा दुकानाचं शटर अर्धं ओढायचे, चहा मागवायचे आणि तो डबा काउंटरवर उपडा करायचे. मग जे हसणं चालायचं ते समोरच्या शिंप्याच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं. एका फोटोत ऐन अक्षता पडतानाचा क्षण होता. एक तांदूळ नेमका लेन्ससमोरून गेला, त्यावर फ्लॅश पडला आणि नवरीच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा. दुसऱ्यात नवरदेव घोड्यावर चढताना फोटोत आली ती फक्त घोड्याची मान आणि बँडवाल्याचे फुगलेले गाल. अण्णा स्वतःचे फसलेले प्रिंट सगळ्यांत आधी पुढे करायचे. आणि सगळं हसून झालं की कप खाली ठेवून विचारायचे, "बरं, आता सांगा, हे झालं कसं?"

अनघा, माझं जे काही शिक्षण झालं ते त्या डब्यावर झालं. ज्याला लाज वाटते तो फोटो लपवतो, आणि लपवलेल्या फोटोतून काहीच कळत नाही. जो हसतो तो पुन्हा बघतो, शेजाऱ्याला दाखवतो, जवळ धरून बघतो. म्हणून मला तुझे ते फोटो हवे आहेत.

आणि पुष्कळ वेळा चूक कुणाचीच नसते गं. माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापणी मिटतो. लग्नात वऱ्हाडातली तीस माणसं ओळीत उभी केलीस, तर एकाच फोटोत तिसांचेही डोळे उघडे मिळणं कठीणच. अण्णा आपले दोन्ही भाषांत ओरडायचे, "डोळे उघडा! कण्ण बिडरी!" तरी कुणीतरी मामा मिटलेल्या डोळ्यांनी यायचेच. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या दोघांनी याचा चक्क हिशेब मांडला. माणसं वीसपेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात त्यांच्या संख्येला तीनने भागायचं, उजेड कमी असेल तर दोनने. तेवढे फोटो घेतले की एकात तरी सगळे डोळे उघडे मिळण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे बारा माणसांना उन्हात चार फोटो, हॉलमध्ये सहा. या हिशेबाला 2006 साली गणिताचं इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला ते देतात. मी आजही ग्रुप फोटो काढताना मनात भागाकार करतो.

आता तुझा धनेश. तू म्हणालीस, एका फोटोत नुसती फांदी आणि कोपऱ्यात शेपटी, बाकीचे सगळे पुसट. पुसट म्हणजे कसे पुसट? तेच तर बघायला हवं होतं. अख्खा फोटो, झाडापानांसकट, एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल तर हात हलला. झाड स्वच्छ आणि फक्त पक्षी ओढल्यासारखा, तर शटरचा वेग कमी पडला. उडत्या पक्ष्याला शटर 1/1000 सेकंदाहून हळू नको, त्याहून जलद मिळालं तर बरंच. आणि पक्ष्यामागचं पान काटेकोर आलंय, पक्षी मऊ आलाय, तर फोकस त्या पानावर गेलाय. तिन्ही दुखणी वेगळी, तिन्हींचे उपाय वेगळे. कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर ती तिन्ही सारखीच दिसतात, म्हणून तिथल्या तिथे डिलीट करायचं नसतं.

आणि शेपटीचा फोटो आपण मोठा करून बघू. धनेश उडायच्या आधी अंग पुढे झुकवतो हे तुला त्यात दिसेल. पुढच्या वेळी तो झुकला की बटण दाब, पंख उघडायची वाट बघू नकोस. शिवाय तो फोटो बघून तुझी आज्जी पोट धरून हसणार आहे, ते मला आत्ताच दिसतंय.

गेल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीतला तुझा तो फोटो आठवतो? ट्रॉलीवर बाजीप्रभू झालेला पोरगा. दोन्ही हातांत तलवारी, अंगाला रंग फासून रक्त केलेलं, आणि नेमका तू बटण दाबलंस तेव्हा तलवारीच्या मुठीने दाढी खाजवत होता. वर सगळ्या फोटोवर आडवे काळे पट्टे. त्या पट्ट्यांवर तू किती चिडली होतीस! आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तिच्यावर चालणारे साधे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण शटर फार जलद असलं की ते कॅमेऱ्याला कळतं आणि पट्टे उमटतात. शटर 1/100 किंवा 1/50 वर आण, पट्टे जातील. हे तुला त्या दाढी खाजवणाऱ्या बाजीप्रभूने शिकवलं, आणि तो फोटो दाखवल्यावर सगळ्यांत जास्त हसला तोही तोच पोरगा.

एक गोष्ट मात्र मी मनापासून सांगतो. जे फोटो हुकल्याने फक्त तुझं नुकसान झालं, त्यांच्यावर पोटभर हस. ज्यात दुसऱ्याचं काही गेलं, त्यावर नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाचा घरच्यांकडे एकच फोटो असतो आणि तोच आपल्या हातून बिघडतो. तिथे तोंड मिटून रोल पुन्हा धुंडाळायचा, एखादी तरी निगेटिव्ह निघते का बघायची. अण्णांनी असे प्रिंट त्या डब्यात कधी पडू दिले नाहीत.

काही क्षण तर असे हुकतात की हसूही येत नाही आणि शिकण्यासारखंही काही नसतं. होमाई व्यारावाला, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, 30 जानेवारी 1948 ला गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. पतीने थांबवलं, दोघं मिळून उद्या जाऊ म्हणाले. ती खंत त्यांच्या मनातून गेली नाही. पण कॅमेरा त्यांनी खाली ठेवला नाही, पुढची कितीतरी वर्षं काम केलं, आणि 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या त्या हुकलेल्या फोटोपुढे तुझा धनेश फार लहान आहे बाळ. त्यावर हसायला तुला पूर्ण मोकळीक आहे.

शिवजयंतीला येतेच आहेस. आईने लसणाची चटणी करून ठेवलीय, गोडाला कुंदा मी बेळगावहून आणतो. धारवाडच्या मैत्रिणींना चित्ररथ बघायचे असतील तर त्यांनाही घेऊन ये, झोपायची सोय होईल. मिरवणूक रात्रभर चालते, तेव्हा दोन्ही बॅटऱ्या चार्ज करून आण आणि पायात बूट घाल.

तुझे,
बाबा