जिराफ नंतर, आधी काळविटाची पाटी बदला

महोदय,

‘आपल्या पुण्याच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ कधी येणार?’ असं विचारणारं एका वाचकाचं पत्र याच सदरात नुकतंच वाचलं. कोलकात्याच्या अलीपूरला जिराफ आहेत, मैसूरला आहेत, पाटण्याला आहेत, मग आमच्याच मुलांनी काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. तरी माझं म्हणणं, एवढ्यात जिराफ नको. जे कुरंग आपल्याकडे आहेत त्यांचं आधी नीट बघावं.

कुरंग हा शब्द मुद्दाम वापरते आहे. आपण सरसकट सगळ्यांना हरिण म्हणून मोकळे होतो. चितळ, सांबर, भेकर हे सारंग. त्यांच्या नरांची शिंगं भरीव हाडाची असतात, गळून पडतात आणि नव्यानं येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय हे कुरंग. त्यांच्यात हाडाच्या खुंटावर शिंगाचं पोकळ आवरण असतं, गाईम्हशींसारखं, आणि ते जन्मभर तेच राहतं.

मी शाळेत बरीच वर्षं जीवशास्त्र शिकवलं. दर हिवाळ्यात सहावीची सहल प्राणिसंग्रहालयात न्यायचे. एका वर्षी काळविटांच्या खंदकापाशी एका मुलीनं विचारलं, “बाई, याची शिंगं कधी गळतात?” मी म्हटलं, गळत नाहीत. तिनं पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर स्वच्छ लिहिलेलं, ‘नराची शिंगे दरवर्षी गळतात.’ चितळाच्या पाटीवरचा मजकूर उतरवून घेतलेला. मी कार्यालयात लेखी कळवलं. पुढच्या वर्षी पाटी नवीन होती, रंग छान होता, वाक्य तेच. बाजूला एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावत होते, “तो काळा वेगळा प्राणी, आणि त्या तपकिरी आहेत ना, त्या हरणी.” एकाच कळपातले नर आणि माद्या! त्या बिचाऱ्यांचा काय दोष, पाटीनं तेवढंही सांगितलं नव्हतं.

चौशिंग्याची तर आणखी कथा. चार शिंगांचा हा जगातला एकमेव वन्यप्राणी, नेपाळचा थोडा भाग सोडला तर फक्त भारतात सापडणारा, आपल्या पानझडी जंगलांतला. पुढची शिंगजोडी इतकी छोटी की नीट निरखावी लागते. लाजरा असल्यामुळे तो झुडपाच्या आडोशाला बसतो आणि लोक ‘पिंजरा रिकामाच आहे’ म्हणत वाघाकडे निघून जातात. तिथे एक बाक टाकला, जाळीला थोडा आडोसा केला, दहा मिनिटं गप्प बसायला सांगितलं, तर तो दिसतो. मुलांना मी बसवलेलं आहे, म्हणून सांगते.

आता जिराफाचं. दक्षिणेतल्या एका मोठ्या प्राणिसंग्रहालयात मी अर्धा तास जिराफासमोर उभी होते. त्यातला बराच वेळ तो लोखंडी खांब चाटत होता. गडद जांभळट, हातभर लांब जीभ, वरून खाली, पुन्हा वर. खांबाचा तेवढाच भाग चकचकीत झाला होता. आजूबाजूला सगळे मोबाईल काढून ‘कित्ती गोड’ करत होते. जंगलातला जिराफ दिवसाचे कितीतरी तास बाभळीच्या काट्यांतून एकेक पान ओढून खातो. तीच जीभ, तोच मेंदू, आणि समोर वैरणीची टोपली, घटकाभरात संपणारी. उरलेला वेळ जिभेनं करायचं काय? बंदिस्त जिराफांमधली ही चाटण्याची खोड प्राण्यांचे डॉक्टर चांगली ओळखतात. म्हणजे जिराफ आणायचा तर उंच घर बांधून भागत नाही, रोज ताजा पाला लागतो, बाभूळ, उंबर, सुबाभूळ, भाराभर आणि बाराही महिने. (पावसाळ्याआधी छाटलेल्या फांद्या आपल्या शहरात कुठे आणि किती दिवस पडून असतात, ते मी सांगायला नको.) शिवाय एकटा जिराफ आणून ठेवणं म्हणजे शिक्षाच, आणि कळप आणला तर पिलांचं पुढे काय, हेही आधी ठरवावं लागतं. २०१४ मध्ये कोपनहेगनला मारियस नावाचा दीड-दोन वर्षांचा धडधाकट जिराफ त्याच्याच प्राणिसंग्रहालयानं मारला. त्याच्या रक्ताचे जिराफ युरोपात आधीच भरपूर झाले होते, एवढंच कारण.

कुरंग मेले तर त्याची एवढी चर्चाही होत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळच्या प्राणिसंग्रहालयात तीसेक काळवीट काही दिवसांत दगावले. रोग घटसर्प, म्हणजे आपल्या गुराढोरांचाच. ती जागा आपल्या सीमेपासून काही फार लांब नाही. पण आमच्या कट्ट्यावर हा विषय एक सकाळसुद्धा टिकला नाही. वाघ असते तर?

खरं तर प्राणिसंग्रहालयांनी मिरवावं असं मोठं काम कुरंगांच्याच बाबतीत झालं आहे. अरबी ओरिक्स हा वाळवंटातला कुरंग १९७२ च्या सुमारास निसर्गातून संपला. पण त्याआधीच, १९६३ पासून, अमेरिकेत फीनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात मूठभर ओरिक्स जमवून कळप वाढवायला घेतला होता. त्यांचे वंशज १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात सोडले. पुढे तिथेच चोरट्या शिकारीनं त्यांची पुन्हा धूळधाण झाली, तेही लपवण्यात अर्थ नाही. तरी आज अरबस्तानात ओरिक्स मोकळा फिरतो आहे तो त्या कळपामुळे. त्याचा आफ्रिकी भाऊ, कोयत्यासारख्या वाकड्या शिंगांचा ओरिक्स, २०१६ पासून चाडमध्ये परत सोडला जातो आहे. दिसायला काय, शिंगं सोडली तर साधीच जनावरं. त्यांच्यासमोर कुणी सेल्फी काढायला रांग लावली नसती.

आपल्या मुलांना मोकळे कुरंग बघायचेच असतील तर सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा आहे, नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळ रेहेकुरीला काळवीट आहे. पुण्याहून सकाळी लवकर निघालं तर रात्रीच्या जेवणाला घरी.

प्राणिसंग्रहालयाकडे माझी मागणी छोटी आहे. काळविटाची पाटी बदला आणि चौशिंग्यासमोर बाक टाका. पाटीचा मजकूर मी लिहून देईन, फुकट. फक्त या वेळी रंगवणाऱ्याच्या हातात चितळाचा कागद देऊ नका.

– एक निवृत्त शिक्षिका, पुणे