भडंगाचा टेम्पो आणि मंदीतला हप्ता

जयसिंगपूर

चि. अस्मिता,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कोटेशन, फायनान्सवाल्याचा कागद आणि खेपांची वही, सगळं नीट पाहिलं. टेम्पो घ्यायला माझी हरकत नाही. पण ज्या पद्धतीने घ्यायचं ठरवलं आहेस त्यात दोन-तीन गोष्टी बदलायला हव्यात. त्या सही करायच्या आधी सांगतो.

दीड टनाची पिकअप नको. तुझ्या मालाला वजन नाही, त्याला जागा लागते. तुझं खोकं 60 बाय 40 बाय 40 सेंटिमीटरचं, आत 6 किलो भडंग. छोट्या टेम्पोचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला छोटा हत्ती म्हणतात त्या मापाच्या गाडीचा, हौदा साधारण सव्वासात फूट लांब आणि पाच फुटांना थोडा कमी रुंद असतो. त्यात लांबीच्या दिशेने नऊ खोकी बसतात आणि मागे उरलेल्या पट्टीत दोन आडवी, म्हणजे एका थरात 11. चार थर लावले की 44 खोकी होतात आणि वजन भरतं फक्त 264 किलो. पिकअपचे दीड टन तू कधीच भरणार नाहीस, पण त्याचं डिझेल, टायर आणि हप्ता रोज भरशील. शिवाय तेवढ्या पिकअपचं मालासकट एकूण वजन बऱ्याचदा 3000 किलोच्या वर जातं आणि मग मालवाहतुकीचं परमिट लागतं. छोट्या टेम्पोला ते लागत नाही.

बॉडी बंदच घे. भडंगाला ओल आणि वास दोन्ही पटकन लागतात, ताडपत्रीच्या भरवशावर पावसाळा निघत नाही. मात्र बंद बॉडीचं माप आतून घे, टेप स्वतः धर. वरच्या मांडणीला आतली लांबी 220 सेंटिमीटर लागते. पत्र्याच्या आतल्या पट्ट्यांनी तीन सेंटिमीटर खाल्ले की मागची दोन आडवी बसत नाहीत आणि खोकी वेगळी लावून पाहावी लागतात. उंची आतून साडेपाच फूट हवी. बॉडीचं वजन लिहून घे, कारण ते गाडीच्या क्षमतेतून वजा होतं. सुपर कॅरी या छोट्या टेम्पोच्या सीएनजी मॉडेलची क्षमता 625 किलो आहे. येताना तू तेलाचे 15 किलोचे 12 डबे आणि शेंगदाण्याची 50 किलोची 4 पोती आणतेस, म्हणजे 380 किलो. बॉडी 200 किलोच्या आत बसली तर हे सगळं नियमात राहतं. ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000. बॉडीची नोंद आरसीवर झाली पाहिजे, नाहीतर पासिंगला अडवतात.

इंधन सीएनजीच ठीक. तुझी सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर अशी 110 किलोमीटरची फेरी त्याला सोयीची आहे. रत्नागिरीच्या खेपेला आंबा घाटात भरलेली गाडी ओढ कमी देईल, तिथे गिअर आधीच खाली घे, इंजिन दबू देऊ नकोस. सोबतची पेट्रोलची टाकी जेमतेम 5 लिटरची, ती अडीअडचणीला. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी करावीच लागते, तारीख पाटीवर असते.

आता हप्ता. जास्त वेळ मी यावरच घालवला.

फायनान्सवाला म्हणतो 8 टक्के, बँक म्हणते 11, म्हणून तुला फायनान्स स्वस्त वाटला. त्याचे 8 टक्के फ्लॅट आहेत. म्हणजे 5 लाखांवर चार वर्षं पूर्ण 5 लाखांचंच व्याज, मधे तू कितीही मुद्दल फेडलं तरी. 5 लाखांचे 8 टक्के 40,000, चार वर्षांचे 1,60,000. एकूण 6,60,000 भागिले 48, हप्ता 13,750. बँकेचे 11 टक्के घटत्या शिलकीवर आहेत. त्याच 5 लाखांचा त्याच मुदतीचा हप्ता 12,923 येतो, एकूण व्याज 1,20,300 च्या आसपास. फरक जवळपास 39,700 रुपयांचा. फ्लॅट 8 म्हणजे घटत्या पद्धतीने 14 टक्क्यांच्या थोडं वरच.

म्हणून दर तोंडी विचारू नकोस, 'की फॅक्ट स्टेटमेंट' माग. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2024 पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जालाही ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत, म्हणजे मराठीत मागितलंस तरी हक्काचं आहे. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो. प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जासोबत गळ्यात मारलेला विमा, सगळं धरून कर्ज खरं किती टक्क्यांनी पडतं ते तो सांगतो. दोन्हीकडचा तोच आकडा शेजारी ठेव. मुदतीआधी फेडलं तर किती दंड, तेही त्याच कागदात पाहा. वाहन कर्ज बहुतेक वेळा ठरलेल्या दराचं असतं, तिथे हा दंड लागू शकतो.

पण 11 टक्क्यांनीसुद्धा 5 लाख घेऊ नकोस. तुझ्याच वहीवरून मांडतो. भाड्याचा टेम्पो खेपेला 1,500 घेतो. स्वतःच्या गाडीला 110 किलोमीटरला, एक किलो गॅसमागे 16 किलोमीटरचं ॲव्हरेज आणि किलोला 90 रुपयांचा भाव धरून, गॅस 619 रुपयांचा. टायर, ऑइल, सर्व्हिसिंगला किलोमीटरमागे दीड रुपया बाजूला टाक, ते 165. म्हणजे खेप 784 ला पडते आणि खेपेमागे 716 वाचतात. त्यातून 12,923 चा हप्ता आणि कोटेशनमधल्या 27,600 च्या विम्याचे महिन्याला 2,300 भागवायला 22 खेपा लागतात. तुझ्या वहीत वर्षाची सरासरी 16 आहे. उन्हाळ्यात 12, दिवाळीच्या महिन्यात 26. दिवाळीचे आकडे समोर ठेवूनच फायनान्सवाल्याने तुला हप्ता पटवला आहे.

तेच कर्ज 3 लाखांचं घेतलंस तर हप्ता 7,754 आणि 15 खेपांत गणित जमतं. उन्हाळ्यात 12 खेपा झाल्या तर महिन्याला दीड हजाराच्या आसपास खिशातून जातील, ते दिवाळी भरून काढते. गाडी तूच चालवणार म्हणतेस म्हणून ड्रायव्हरचा पगार धरलेला नाही. ठेवावा लागला तर हे गणित बसत नाही, मग भाड्याचा टेम्पोच बरा. पहिल्या दिवसापासून तीन हप्ते, म्हणजे 23,000 च्या वर रक्कम, वेगळ्या खात्यात ठेव आणि तिला हात लावू नकोस. हप्ता चुकला की सिबिल बिघडतं आणि पुढच्या भट्टीच्या कर्जाला तेच आडवं येतं.

3 लाखांचं कर्ज सरकारच्या मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात बसतं, 50 हजारांच्या वर 5 लाखांपर्यंत, त्याला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी, दोन वर्षांची रिटर्न, जीएसटीची विवरणपत्रं, वर्षभराचं बँक स्टेटमेंट आणि कोटेशन घेऊन जा.

उरलेले पैसे डाऊन पेमेंटला जमवताना जीएसटीचे 90,000 लगेच परत येतील असं धरू नकोस. 5,90,000 च्या किमतीत 18 टक्क्यांनी तेवढा कर आहे आणि मालवाहू गाडीवर त्याचं क्रेडिट मिळतं, हे खरं. पण त्याचा परतावा रोख मिळत नाही, भरायच्या करातून ते वळतं होतं. नमकीनवरचा कर सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्के झाला. कच्च्या मालाचं क्रेडिट वजा जाता तुला महिन्याला 10,000 च्या आसपास भरावे लागतात. म्हणजे 90,000 वळते व्हायला नऊ महिने. बिलावर तुझा जीएसटी नंबर असलाच पाहिजे, आणि कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत गेलीस तर हे क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट घेतलेल्या रकमेवर घसारा धरायचा नाही.

पांढऱ्या पाटीची जुनी ईको स्वस्त मिळते आहे, ती घेऊ नकोस. खाजगी नोंदणीच्या गाडीतून धंद्याचा माल नेताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. पिवळ्या पाटीचा जुना टेम्पो चालेल, पण मागच्या चाकांपाशी वाकून पाटे मोज. दोन्ही बाजूंचे सारखे हवेत. मधेच एखादा नवा, काळा, न गंजलेला पाटा जादा घातलेला दिसला तर ती गाडी कायम ओव्हरलोड चाललेली आहे. मग चेसिसवर वेल्डिंग शोध. हौद्यात डोकं घालून वास घे. मासळी किंवा खत वाहिलेली गाडी कितीही धुतली तरी तुझ्या मालाला उपयोगाची नाही. चेसिस नंबर आरसीशी जुळव, आधीच्या बँकेचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन थकलेत का ते बघ.

लायसन्सची काळजी नको. तुझ्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर हा टेम्पो चालतो, सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये 7,500 किलोपर्यंत ते स्पष्ट केलं आहे. पासिंग नव्या गाडीला दोन वर्षांचं मिळतं, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नकोस, विशेषतः 29 आणि 30 नंबरच्या. ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म आहेत. आधी दोन्हीकडची की फॅक्ट स्टेटमेंट मला फोटो काढून पाठव, रात्री बसून वाचतो. बॉडीवाल्याकडे रविवारी जाऊ. येताना दोन रिकामी खोकी घेऊन ये.

तुझे बाबा