मानवशास्त्राच्या अर्जाला नमुना नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शिक्षणविषयक पुरवणीत परदेशी उच्च शिक्षणाविषयी जे मार्गदर्शन येतं, ते मी नेमाने वाचते. त्यातली माहिती उपयोगी असते. मात्र अलीकडे सामाजिक शास्त्रांच्या विद्यार्थ्यांसाठी एसओपीचा, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्राचा, तयार नमुना छापला गेला. त्यात आपला विषय आणि विद्यापीठाचं नाव तेवढं भरायचं होतं. इतर विषयांबद्दल मी बोलणार नाही. मानवशास्त्रात पीएचडीसाठी असा अर्ज पाठवला, तर तो पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. मी हा विषय आयुष्यभर शिकवला, दरवर्षी शिफारसपत्रं लिहिली आणि निवड समितीत बसून अर्जांचे गठ्ठेही वाचले. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आपल्या नमुन्याची सुरुवात अशी होती की लहानपणापासून मला निरनिराळ्या संस्कृतींचं आकर्षण वाटत आलं आहे. हे वाक्य निम्म्या अर्जांत असतं. ते खोटं नसतं, पण त्यावरून समितीला काहीच कळत नाही. समितीला कळून घ्यायचं असतं ते हे: तुम्हाला माणसांच्या जगण्यातलं नेमकं काय उलगडत नाहीये, आजवर इतरांनी दिलेली उत्तरं तुम्हाला का पुरत नाहीत, आणि त्यासाठी तुम्ही कुणाबरोबर, किती काळ राहायला तयार आहात. मानवशास्त्रातल्या संशोधनाचा कणा म्हणजे फिल्डवर्क. सहसा वर्ष-दीड वर्ष लोकांमध्ये राहायचं, त्यांची भाषा शिकायची, रोज रात्री टिपणं लिहायची. एवढा काळ माणसाला तिथे टिकवून ठेवतो तो स्वतःला पडलेला प्रश्न. उसना प्रश्न तिथे फार दिवस पुरत नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगते. ती रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काम करून शिकत होती. तिच्या पहिल्या खर्ड्यात इंग्रजीच्या चुका होत्या, वाक्यं लांबलचक होती. पण मधेच एक परिच्छेद होता. रात्रपाळीच्या आया रुग्णाचं बिघडतंय हे यंत्राच्या आधी ओळखतात, कुणाच्या श्वासावरून, कुणाच्या अंथरुणातल्या चुळबुळीवरून. तरी सकाळच्या कागदांवर त्यातलं काहीच उतरत नाही, असं तिने लिहिलं होतं. हे ज्ञान कुणाचं मानलं जातं आणि नोंदीच्या लायकीचं काय, हे कोण ठरवतं, असा तिचा प्रश्न होता. मी तो परिच्छेद दोनदा वाचला. मग तिने पैसे भरून अर्ज लिहून देणाऱ्या एका खासगी संस्थेकडून तो 'नीट' करून घेतला. परत आला तेव्हा इंग्रजी निर्दोष होतं आणि आया गायब होत्या. त्यांच्या जागी आरोग्य आणि संस्कृती यांच्या परस्परसंबंधाविषयीची अपार जिज्ञासा आली होती. मला फार वाईट वाटलं. आम्ही पहिला खर्डा पुन्हा काढला, फक्त व्याकरण सुधारलं, आया जिथल्या तिथे ठेवल्या. तिला प्रवेश मिळाला. त्याच परिच्छेदामुळे मिळाला, असा दावा मी करत नाही. पण मुलाखतीत तिला त्याबद्दलच विचारलं गेलं.

मराठी वाचकांपुढे याहून मोठं उदाहरण आहे. 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. तेव्हा ते विद्यार्थीच होते. तो निबंध प्रत्येक अर्जदाराने वाचावा, असं मी वर्गात सांगत असे. त्यात आधी सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या मांडल्या आहेत. प्रत्येकाचं काय पटतं आणि कुठे कमी पडतं ते सांगितलं आहे. मग जातीचा गाभा जातीअंतर्गत विवाहात आहे, हे स्वतःचं म्हणणं आणि ते बंधन टिकवण्यासाठी समाजाला काय काय करावं लागतं, याचा पायरीपायरीने उलगडा. अर्जाबरोबर जो लेखननमुना मागतात, ज्याला रायटिंग सॅम्पल म्हणतात, त्यात समिती नेमकं हेच शोधते. पानं भरण्यासाठी एमएच्या प्रबंधाचं एखादं प्रकरण जसंच्या तसं जोडू नये. ज्यात तुमचा युक्तिवाद सुरू होऊन पूर्ण होतो, असा लेख द्यावा, आणि मर्यादा दिली असेल तर ती पाळावी.

दुसरा मुद्दा विद्यापीठ निवडण्याचा. आपल्या लेखात क्रमवारीचा तक्ता होता. पीएचडीला त्याचा उपयोग थोडा. मानवशास्त्राचा विभाग लहान असतो. तुमच्या प्रश्नाच्या जवळपास काम करणारं तिथे कुणी नसेल, तर अर्ज कितीही चांगला असो, तुम्हाला घेऊन ते काय करणार? प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन लेख वाचावेत आणि मग त्यांना छोटं पत्र लिहावं. पुढच्या वर्षी ते विद्यार्थी घेणार आहेत का, हे विचारण्यात गैर काही नाही. उलट वर्ष वाचतं. मात्र सगळी भिस्त एका व्यक्तीवर ठेवू नये. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये केंब्रिजमध्ये मानवशास्त्रज्ञ डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे शिकत असताना 1922 मध्ये रिव्हर्स अचानक वारले. ए. सी. हॅडन तिथे होते म्हणून घुर्यांची पीएचडी पूर्ण झाली. आजही गाईड निवृत्त होतात, दुसरीकडे जातात. विभागात आपल्या कामाशी नातं सांगणारी निदान दोन-तीन माणसं असावीत.

शिवाय गाईडशी मतभेद झाले तर ते ऐकून घेणारी जागा आहे का, तेही पाहावं. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंमधल्या असमानतेवर प्रबंध लिहिला आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही, असा गाईडच्या धारणेविरुद्धचा निष्कर्ष काढला. असं धैर्य सगळ्यांकडून अपेक्षिता येत नाही. म्हणून सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून मोकळेपणाने विचारावं.

पैशांविषयी आपल्या लेखात दोनच ओळी होत्या, आणि मला तीच बाब सर्वांत काळजीची वाटते. अमेरिकेत पीएचडीला एमएची अट बहुतेक ठिकाणी नसते. पहिली दोन-तीन वर्षं वर्ग आणि परीक्षा, मग फिल्डवर्क, मग लेखन. सहा ते आठ वर्षं सहज जातात. चांगले विभाग फीमाफी आणि स्टायपेंड देऊनच प्रवेश देतात. पैशाशिवाय पीएचडीला प्रवेश देऊ केला तर तो नाकारावा, हे मी प्रत्येकाला स्पष्ट सांगते. ब्रिटनमध्ये पद्धत वेगळी आहे. तिथे साधारणपणे आधी एमए लागतं, अर्जाबरोबरच संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो, मुदत तीन-चार वर्षांची असते, आणि प्रवेश व स्कॉलरशिप या दोन वेगळ्या गोष्टी असतात. प्रवेशाचं पत्र हाती आलं म्हणजे पैसे मिळाले, असं समजून घरच्यांनी कर्ज काढल्याचं मी पाहिलं आहे. स्टायपेंड किती वर्षांचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळतो का, फिल्डवर खर्च कोण करतो, हे लेखी विचारून घ्यावं.

गेल्या काही वर्षांत अनेक विभागांनी जागा घटवल्या आहेत, काहींनी एखाद्या वर्षी प्रवेशच थांबवले. प्राध्यापकाच्या कायम जागा अर्जदारांच्या मानाने फार थोड्या निघतात. बरेच पीएचडीधारक संग्रहालयं, सार्वजनिक आरोग्य, स्वयंसेवी संस्था किंवा कंपन्यांच्या संशोधन विभागांत काम करतात, आणि चांगलं काम करतात. पण हे अर्ज भरण्याआधी कळायला हवं. मला या विषयाने जे दिलं ते दुसऱ्या कशानेही दिलं नसतं. म्हणूनच मुलांनी डोळे उघडे ठेवून इकडे यावं, असं वाटतं.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. मोठ्या हुद्द्याच्या माणसाचं चार ओळींचं पत्र कुचकामी ठरतं. ज्यांनी तुमचं लेखन तपासलं, तुमच्याशी वाद घातला, त्यांचं पत्र घ्यावं. त्यांना निदान महिनाभर आधी सांगावं आणि एसओपीचा खर्डा सोबत द्यावा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आता अनेक विभाग मागत नाहीत. संकेतस्थळावर पाहून घ्यावं, उगाच क्लास लावू नये. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते. अनेक विद्यापीठं ती देतात, पण बहुतेकांना ते माहीतच नसतं.

अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरमध्ये संपते आणि आलेल्या प्रवेशांना उत्तर द्यायची सर्वमान्य तारीख 15 एप्रिल असते. आपण पुढचा लेख उन्हाळ्यातच छापलात तर मुलांना वाचायला, प्राध्यापकांना पत्रं लिहायला आणि खर्डा चारदा बदलायला वेळ मिळेल. त्या लेखात नमुना देऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्याऐवजी प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन-तीन विद्यार्थ्यांचे खरे एसओपी, त्यांच्या परवानगीने, नाव न देता छापावेत आणि शेजारी कुणा मानवशास्त्रज्ञाने आपला अभिप्राय लिहावा. अभिप्रायाचं ते काम मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

आपली,
मानवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका