आईच्याच नावावर

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर "आवाज का बसलाय गं?" विचारलंस आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नव्हती. आदल्या रात्री एक बंगाली सिनेमा पाहिला होता. 'उनिशे एप्रिल', म्हणजे १९ एप्रिल. ऋतुपर्ण घोष यांचा, १९९४ चा. कोलकात्यात तीन वर्षं काढल्यावर आता बोलणं बरंचसं कळतं.

त्यात आई नावाजलेली नर्तकी (अपर्णा सेन), मुलगी नुकतीच डॉक्टर झालेली. ते काम करणाऱ्या देबश्री रायला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, सिनेमालाही. बाप लहानपणीच गेलेला, १९ एप्रिलला. त्याच तारखेला आईला मोठा पुरस्कार जाहीर होतो, फोन खणखणतात, माणसं येतात, आणि आज नवऱ्याचा स्मृतिदिन आहे हे तिच्या ध्यानातच नाही. मुलगी वसतिगृहात वाढलेली, बापाला देव मानणारी. मी अर्थात मुलीच्या बाजूने. मग रात्री घरात दोघीच उरतात आणि आई बोलू लागते. तिचं नाव झालेलं नवऱ्याला कसं सोसवलं नाही, ते. दिग्दर्शक कुणाचीच वकिली करत नाही. मला त्याचा रागच आला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी सात वर्षांची. घर आईच्या नर्सच्या पगारावर, तिला रात्रपाळ्या, म्हणून मला मिरजेला आजीकडे ठेवलंत. चार वर्षं. आई रजा मिळाली की महालक्ष्मी एक्सप्रेसने यायची. निघताना मी मुद्दाम परसात जाऊन बसायचे.

"आईनं मला आजोळी ठेवलं," असंच मी सगळ्यांना सांगत आले. सासरी, मैत्रिणींना, पोरांना. "बाबांनी ठेवलं" असं एकदाही तोंडातून निघालं नाही. बाबा, तुम्ही तर तेव्हा घरीच होता. हे लिहिताना हात थबकला, पण खोडत नाही. तुमच्यावर फिर्याद नाही माझी. ठरवलं कुणी, एवढंच विचारतेय. आई, तुला विचारलं तरी होतं का?

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर तू लगेच "जेवलीस का"वर येतेस.

दिवाळीत सिनेमा घेऊन येते. मराठीत मी सांगत जाईन. बाबा, तुम्हीही बसा. मध्येच उठून दूध आणायला जाऊ नका.

तुमची,
बेबी