विन्याला पत्र

प्रिय विन्या,

इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल शिव्या नंतर दे. तब्येत ठीक, गुडघा तेवढा कुरकुरतो. आधी हे ऐक, घरी सांगितलं तर "कासवंच ना?" म्हणतात.

कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोला जाऊन आलो. गावाला गाडीरस्ताच नाही, होडीने नाहीतर छोट्या विमानाने जायचं. साधारण जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवं तिथे अंडी घालायला येतात. रात्री गाइडबरोबर लहानसा गट, अंगात गडद कपडे, कॅमेरा-मोबाइल बंद, दिवा फक्त गाइडकडे आणि तोही लाल. मादी अंडी घालायला लागली की मगच जवळ नेतात, कारण तेव्हा ती सहसा बिचकत नाही. (आपल्या फ्लॅशवाल्या दिलीपला तिथे उभंसुद्धा करणार नाहीत!)

आम्ही झाडीत थांबलो होतो. एक मादी वर आली, अर्ध्या वाळूत थबकली आणि अंडी न घालताच वळून पाण्यात गेली. गाइड म्हणाला, असं पुष्कळदा होतं, माणूस नसतानाही. होत असेल. पण मला तुझंच बोलणं आठवत राहिलं, ताडोब्याहून परतताना केलेलं: "आपलं बघणं हाच त्यांना त्रास." तेव्हा मी तुला ढोंगी म्हणालो होतो. अजून म्हणतो. वाघ दिसल्यावर जिप्सीत सगळ्यांत आधी कोण उभं राहिलं होतं?

तुझ्या बाजूने पुरावाही आहे म्हणा. त्याच देशात ओस्तिओनालच्या किनाऱ्यावर 2015 साली बघ्यांची इतकी झुंबड उडाली की ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्यांना वर यायला वाट मिळेना. लोकांनी पोरं कासवांच्या पाठीवर बसवून फोटो काढले! पण तोर्तुगेरोत पूर्वी काय होतं? माद्यांना वाळूतच उलटं करून ठेवायचे आणि सूपसाठी परदेशी धाडायचे. आर्ची कार हे शास्त्रज्ञ 1950च्या दशकात तिथे अभ्यासाला आले, 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, आणि आता गावाचं पोट बऱ्याच अंशी आमच्यासारख्या बघ्यांवर चालतं. आमच्या गाइडचे आजोबा कासवं धरायचे. आम्ही जायचं बंद केलं तर नातवाने काय करायचं, हे तू कधीच सांगत नाहीस.

आणि आता दिलीप आपली सगळी बॅच तिकडे न्यायची म्हणतोय. रोज फोन करतो, कुणाकडे राहिलास, गाइड कोण. मी अजून काही दिलेलं नाही. देऊ का?

सुमाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? नव्या घरात लिफ्ट सुरू झाली की अजून जिनाच? उत्तर लगेच पाठव. "मी सांगत होतो" एवढंच लिहायचं असेल, तर तिकीट वाया घालवू नकोस.

तुझा,
बाळ्या