शाहूपुरीतल्या त्या खानावळीतल्या सगळ्यांचे आभार

शनिवारी रात्री आमचं खवय्यांचं मंडळ कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका छोट्या खानावळीत जेवायला जमलं. आम्हाला एकत्र बसता यावं म्हणून शेजारचं कुटुंब भरल्या ताटानिशी कोपऱ्यात सरकलं, त्यांचे आधी आभार. वाढपी दादांनी तांबड्या-पांढऱ्याची वाटी रिकामी राहू दिली नाही. पांढरा रस्सा जास्त उकळला की नारळाचं दूध फुटतं. इथे शेवटच्या वाटीपर्यंत तो मऊसूत होता. आणि आत भाकरी थापणाऱ्या मावशी! परातीतला तो ठेका बाहेर ऐकू यायचा, टम्म फुगलेली भाकरी तव्यावरून थेट ताटात. आमच्यातल्या आजींना तिखट चालत नाही कळताच तुम्ही मटणाचं अळणी, म्हणजे बिनतिखट सूप, वेगळं काढून दिलंत. आजी पोटभर जेवल्या. मावशी, मनापासून आभार.